सागाच्या पानाची जाळी करणारा पतंग: पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

गणपती उठले की विदर्भात गाडीरस्त्याने जाताना एक गोष्ट हमखास दिसते. रान सगळं हिरवंगार, आणि मधेच सागाचा एखादा पट्टा तपकिरी. खालून कुणी जाळ केल्यासारखा. आमच्या सासुरवाडीच्या शेताला बांधावर चाळीसेक साग आहेत. पहिल्यांदा ते तसे दिसले तेव्हा मामाजी एवढंच म्हणाले, "करपले. दरसाल करपतात." मी जवळ जाऊन एक पान तोडलं. ते करपलेलं नव्हतंच. पानाचा गर कुणीतरी साफ खाल्ला होता आणि शिरांची जाळी तेवढी ठेवली होती. पान उजेडासमोर धरलं तर मच्छरदाणीतून पाहावं तसं पलीकडचं शेत दिसत होतं.

ही कारागिरी जेमतेम नखाएवढ्या एका पतंगाच्या अळीची आहे. त्याचं अंडं, अळी, कोष आणि पतंग असं पूर्ण चक्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मला तीन हंगाम लागले. त्यातले पहिले दोन निव्वळ माझ्या गाढवपणात गेले. तुमचं काम एका हंगामात व्हावं म्हणून हे लिहितो आहे.

ओळख थोडक्यात करून देतो. शास्त्रीय नाव युटेक्टोना मॅकेरॅलिस. जुन्या कागदांत हाच पायरॉस्टा मॅकेरॅलिस किंवा हॅपॅलिया मॅकेरॅलिस म्हणून भेटतो आणि काही ठिकाणी पॅलिगा मॅकेरॅलिस म्हणूनही. नावं बदलत गेली, प्राणी तोच. फ्रान्सिस वॉकर या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८५९ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. कुळ क्रँबिडी. गावात मला त्याचं वेगळं नाव कुणी सांगितलं नाही, म्हणून या लेखापुरतं आपण त्याला 'जाळीवाला' म्हणू.

१. जाळी कुणाची ते आधी ठरवा

सागाची पानं खाणारे पतंग मुख्यतः दोन. नवखा माणूस इथेच पहिल्यांदा फसतो, मीही फसलो होतो. दुसऱ्याचं नाव हिब्लिया प्युरा. त्याला 'पानखाऊ' म्हणू. दोघांची तऱ्हा वेगळी आहे.

पानखाऊ येतो पावसाळ्याच्या तोंडाला, साग कोवळ्या पालवीवर असताना. त्याची मोठी अळी पान सगळंच खाते, मधली शीर आणि जाड फांद्याशिरा तेवढ्या सोडते. पानाची कड कापून ती स्वतःवर दुमडते आणि त्या घडीत राहते. त्याचा पतंगही मोठा असतो. पंख पसरले तर तीन-चार सेंटिमीटर, वरचे पंख मातकट, खालच्या गडद पंखांवर नारिंगी-पिवळे पट्टे.

जाळीवाला येतो उशिरा, पान जून झाल्यावर. तो बारीकातली बारीक शीरही सोडून देतो, मधला गर तेवढा खातो. म्हणून पान झाडावर पूर्ण आकाराचं राहतं, पण वाळून तपकिरी होतं. लांबून जळल्यासारखं दिसतं ते यामुळे.

तेव्हा पान उजेडासमोर धरा. बारीक शिरांची अखंड जाळी दिसली तर बहुधा जाळीवाला. पानाला खिंडारं पडून काड्याच उरल्या असतील तर पानखाऊ. 'बहुधा' म्हणतो त्याला कारण आहे. पानखाऊच्या अगदी लहान अळ्याही सुरुवातीला पानाचा पापुद्रा नुसता खरवडतात. जुलैत पानावर छोटे खरवडलेले ठिपके पाहून मी 'सापडला!' म्हणून नाचलो होतो. आठवड्याभरात त्या अळ्यांनी पानाच्या घड्या घालायला सुरुवात केली आणि माझा पहिला हंगाम तिथेच संपला.

२. झाडं निवडा: जंगल नको, बांध बघा

साग म्हटला की आलापल्ली, मेळघाट, ताडोबा अशी नावं डोळ्यांसमोर येतात. ती विसरा. तिथला साग उंच, पानं हाताबाहेर आणि नियम कडक. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात तर किडा-मुंगीसुद्धा उचलून आणता येत नाही. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. राखीव जंगलातही पान तोडण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारलेलं बरं.

तुम्हाला हवा शेताच्या बांधावरचा, शाळेच्या आवारातला किंवा कुणाच्या खासगी लागवडीतला साग. वय पाच-सात वर्षांचं असावं, खालच्या फांद्या हाताला येतील असा. त्याहून उत्तम म्हणजे तोडलेल्या बुंध्यातून फुटलेले धुमारे. त्यांची पानं भली मोठी असतात आणि छातीच्या उंचीवर मिळतात. मालकाला तोंडी विचारलं तरी पुरतं, पण विचारा. सागाच्या आसपास अनोळखी माणूस घुटमळताना दिसला की शेतकऱ्याच्या मनात आधी लाकूडचोर येतो, त्यात त्याची चूक नाही.

ठाणे-पालघरकडे राहणाऱ्यांनी शहापूर, मुरबाड, जव्हारच्या बाजूला बघावं. विदर्भात तर विचारायलाच नको, गावापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर साग असतोच.

एक गोष्ट मालकाला आधीच विचारून घ्या: शेजारच्या कपाशीवर किंवा तुरीवर फवारणी कधी झाली? बांधावरच्या पानांवर औषधाचा फवारा उडून आलेला असतो. अशी पानं घरी नेऊन अळीला घातलीत तर ती सकाळी मेलेली दिसेल आणि तुम्ही स्वतःलाच दोष देत बसाल.

३. वेळ: तीन अमावास्या लक्षात ठेवा

इंग्रजी महिने पाठ करायची गरज नाही. पोळा, सर्वपित्री आणि लक्ष्मीपूजन अशा ओळीने येणाऱ्या तीन अमावास्या धरून चला. जाळीवाल्याचा मुख्य हंगाम यांच्याच आगेमागे असतो. दमट, उबदार हवेत त्याची एक पिढी अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण तीन-चार आठवड्यांत पुरी होते. म्हणजे एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत जवळपास एक पिढी. शिवाय अमावास्येला रात्र काळी असते, त्यामुळे दिव्यावर पतंग जास्त येतात. दोन्ही कामं एकाच तिथीला साधतात.

पोळ्याला झाडं चाळा. तुरळक पानांवर रुपयाएवढे, हातभर अंतरावर विखुरलेले जाळीचे डाग दिसतील. सर्वपित्रीच्या सुमारास संख्या चढलेली असते, अळ्या वाढवायला घ्यायच्या त्या आत्ता. लक्ष्मीपूजनापर्यंत बरीच झाडं तपकिरी झालेली असतात. अर्थात पाऊस लांबला, थंडी लवकर आली की हे सगळं दोन आठवडे इकडे-तिकडे सरकतं. दक्षिणेकडच्या उबदार भागांत पिढ्या जास्त होतात, एका वर्षात दहाच्या वरसुद्धा.

४. सामान आणि कागद

फार काही लागत नाही. बहुतेक घरातच आहे.

- दहा पट दाखवणारं हातभिंग. दहावीच्या प्रयोगशाळेतलं दांडीचं भिंग कमी पडतं.
- रंगकामाचा मऊ, बारीक ब्रश. अळी बोटांनी उचलायची नाही.
- रुंद तोंडाचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे, चार-पाच. तोंडावर बांधायला जुन्या सुती साडीचे तुकडे आणि रबर.
- कापूस, टिश्यू पेपर, छोटी कात्री.
- पांढरी सुती चादर किंवा धोतर, दोरी, कपड्यांचे चिमटे.
- दिवा. त्याबद्दल पुढे सविस्तर.
- वही आणि पेन्सिल. पावसाळ्यात पेनाची शाई पसरते.
- गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि चांगली विजेरी. यात काटकसर नको. भाद्रपदात बांधावर घोणस आणि मण्यार दोन्ही असतात.

बांधावरच्या सागासाठी कागद काहीच लागत नाही. वनजमिनीवर जायचं असेल तर अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कशासाठी, नेमकं कुठे, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत आणि सोबत कोण. जोडीला ओळखपत्राची प्रत. शाळा-कॉलेजचे असाल तर संस्थेचं पत्र. 'फक्त निरीक्षण आणि छायाचित्रण, नमुना गोळा करणार नाही' हे वाक्य खरं असेल तर अर्जात जरूर घाला. ते वाचल्यावर साहेबांचे निम्मे प्रश्न संपतात.

५. अळी शोधा, पण जाळीत नाही

माझा दुसरा हंगाम कुठे वाया गेला ते सांगतो. मी सर्वात जास्त जाळी झालेली पानं शोधत फिरलो. शंभरेक पानं उलटीपालटी केली असतील. एकही अळी मिळाली नाही. साधी गोष्ट डोक्यात आली नाही की जिथे गर संपला तिथे ती कशाला थांबेल? जाळी म्हणजे जेवून उठलेल्याचं ताट. अळी जेवायला पुढे गेलेली असते.

म्हणून तपकिरी पान सोडा आणि अर्धं हिरवं, अर्धं जाळीदार पान घ्या. हिरवं आणि तपकिरी जिथे भेटतं ती सीमारेषा बोटाने नाही, नजरेने चाळा. तिथे शिरेला लागून एक विरळ रेशमी आवरण दिसेल, कोळ्याच्या जुन्या जाळ्यासारखं, आणि त्यात काळ्या बारीक लेंड्या अडकलेल्या असतील. लेंड्या ओल्या आणि गडद असतील तर अळी तिथेच आहे. सुकून भुरकट झाल्या असतील तर घर रिकामं.

पूर्ण वाढलेली अळी दोन ते अडीच सेंटिमीटरची, हिरवट, पाठीवर लांबीच्या दिशेने जांभळट पट्टे. लहान अळी जवळपास पारदर्शक असते, आत गेलेलं हिरवं खाणं तेवढं दिसतं. धक्का लागला की ती एकदम वळवळत उलटी पळते आणि रेशमाच्या धाग्यावर खाली लोंबते. म्हणून पान हलवण्याआधी खाली डबा धरा. गवतात पडलेली अळी शोधण्यापेक्षा नवं पान शोधणं सोपं.

अंडी बघायची हौस असेल तर संयम ठेवा. मादी अंडी एकेक करून पानावर, बहुतेक शिरांच्या कडेला घालते. सागाचं पान लवदार, त्यात टाचणीच्या टोकाएवढं अंडं. मला आजवर झाडावर एकच सापडलं आहे, तेही भिंगातून दुसरंच काही बघताना. पावसाळी हवेत दोन-तीन दिवसांत ते फुटतं, त्यामुळे वेळही थोडाच मिळतो. अंड्यांमागे लागू नका. अळीपासून सुरुवात करा.

जाता जाता: कोवळं पान चुरगाळलंत तर हात लालभडक होतील. घाबरू नका, तो सागाचाच रंग आहे. लहानपणी आम्ही ओठ रंगवायचो त्याने. पांढऱ्या शर्टावर मात्र लागू देऊ नका.

६. डब्यात वाढवा

एका डब्यात दोन-तीनच अळ्या ठेवा. घेताना अळी ज्या पानावर आहे त्या पानाचा तेवढा तुकडा कात्रीने कापून उचला, तिला हात लावू नका. डब्याच्या तळाशी टिश्यूची घडी. ताज्या पानाच्या देठाला ओला कापूस गुंडाळा. तोंडावर कापड आणि रबर. झालं.

झाकण लावू नका. मी काचेच्या बरणीला घट्ट झाकण लावलं होतं, अळी पळून जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी बरणीला आतून घाम, तिसऱ्या दिवशी पान काळं, चौथ्या दिवशी बुरशी. पाच अळ्या गेल्या. सागाचं पान बरीच वाफ सोडतं. अळीला उपाशी राहण्यापेक्षा ओलाव्यात कुजण्याचा धोका जास्त असतो. देठ वाटीभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा शहाणपणाही नको, अळी देठावरून उतरते आणि पाण्यात बुडून मरते.

रोजचं काम पाच मिनिटांचं. सकाळी लेंड्या झटका, टिश्यू बदला, पान सुकलं असेल तर नवं ठेवा. जुनं पान लगेच टाकू नका. अळी ज्या तुकड्यावर बसली आहे तो कापून नव्या पानावर ठेवा, तिची ती उतरेल. डबा उन्हात नको, स्वयंपाकघरातही नको. फोडणीचा धूर आणि डासांची अगरबत्ती दोन्ही तिला सोसत नाहीत. टेबलाच्या पायांना मुंग्या चढत असतील तर पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, आजीच्या फडताळाखाली असायच्या तशा.

मधेच एखादा दिवस अळी खाणं सोडून निपचित पडेल. नवखे लोक 'मेली' म्हणून फेकून देतात. ती कात टाकते आहे. दिवसभर वाट बघा. कात टाकल्यावर डब्यात मोहरीच्या फोलपटासारखं डोक्याचं रिकामं कवच सापडतं. ते वहीत चिकटवून ठेवा, अळी वाढत गेली तसं डोकं केवढं झालं याचा आलेखच तयार होतो. अशा चार काती टाकून पाचव्या अवस्थेत ती पूर्ण वाढते.

७. डब्यातून भलतंच काही निघालं तर

हा भाग बहुतेक मार्गदर्शिकांत नसतो. मला तर यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

एका सकाळी माझी सर्वात धष्टपुष्ट अळी मरगळून पडली होती आणि तिच्या शेजारी तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोष होता. मला वाटलं, अळीने कोष केला आणि मग ही दुसरी अळी कुठून आली? पाच-सहा दिवसांनी त्या कणीतून एक काळी चिमुकली गांधीलमाशी बाहेर आली. तिच्या आईने अळीच्या अंगात अंडं घातलं होतं, आतली पोर अळी खाऊन मोठी झाली होती. जाळीवाल्यावर अशा परजीवी माश्या पुष्कळ जगतात. एकीचं नावच अपँटेलिस मॅकेरॅलिस आहे, यजमानाच्या नावावरून ठेवलेलं. अंड्यांवर जगणाऱ्याही आहेत. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेने ट्रायकोग्रामा रावोई ही अंड्यातच वाढणारी सूक्ष्म गांधीलमाशी या किडीविरुद्ध वापरून पाहिली आहे.

असं झालं तर वाईट वाटून घेऊ नका आणि डबा फेकू नका. तारीख लिहा, फोटो काढा. पतंगाच्या नोंदी बरेच जण करतात, कुठल्या अळीतून कुठली माशी निघाली याच्या नोंदी फारच थोडे. आणि या कारणासाठीच एकाच झाडावरून सगळ्या अळ्या आणू नका. तीन-चार झाडांवरून दोन-दोन घेतल्यात तर निदान एखादा पतंग हाती लागेल.

८. कोष आणि तो एक तास

वाढ पुरी झाली की अळी खाणं थांबवते, आखडते आणि पानाची घडी किंवा डब्याचा कोपरा शोधते. तिथे पातळ रेशीम विणून आत तांबूस तपकिरी कोष होतो, सेंटिमीटरभर लांबीचा. आता पान नको, ओला कापूस नको. डब्यात एक खरखरीत काडी उभी ठेवा. पतंग बाहेर आल्यावर त्याला वर चढून पंख लोंबते सोडावे लागतात. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याचे पाय घसरतात आणि पंख चुरगळलेलेच वाळतात. मग तो कधीच उडत नाही. माझा पहिला पतंग असाच गेला.

साधारण आठवड्याभरात, बहुतेक रात्री, तो बाहेर पडतो. सुरुवातीला पंख म्हणजे नुसत्या ओल्या टिकल्या. बघता बघता त्या पसरतात. ताजा जाळीवाला पिवळाधमक असतो आणि पंखांवर गुलाबी-तांबड्या नागमोडी रेघा. पंख पसरून मोजलात तर सव्वादोन-अडीच सेंटिमीटर. बसतो तेव्हा त्रिकोणी, चपटा, पुढे चोचीसारखा टोकदार चेहरा. रंगात मात्र बराच फरक आढळतो. काही फिकट, काहींच्या रेघा इतक्या पसरट की पिवळा रंगच थोडा उरतो. जुन्या, झिजलेल्या पतंगाचं तर सगळंच उडालेलं असतं. म्हणून घरी निघालेल्या ताज्या पतंगाचा फोटो मोलाचा.

फोटो वरून, सरळ काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. एक फोटो बाजूने. मग संध्याकाळी, अळी जिथून आणली त्याच झाडाखाली सोडा. नागपुरात आणून बाल्कनीतून सोडू नका. एक तर तिथे त्याचा साग नाही, आणि दुसरं म्हणजे चिमण्या सकाळची वाट बघत असतात.

९. चादर आणि दिवा

रानातला पतंग दिवसा पानाखाली किंवा खालच्या झुडपात दडून बसतो. काठीने झुडूप हलकेच झटकलं की चार हात उडून पुन्हा पानाखाली. रात्री तो दिव्यावर येतो.

दोन झाडांमध्ये दोरी बांधून चादर ताणा, खालची कड जमिनीवर पुढे पसरू द्या, कारण अर्धे पाहुणे खालीच उतरतात. दिवा चादरीच्या पुढे, हातभर अंतरावर. घरातला पांढरा एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. त्यात अतिनील प्रकाश जवळजवळ नसतो आणि पतंगांना ओढून आणतो तो मुख्यतः तोच. वीज मिळत असेल तर १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब, नसेल तर पॉवर बँकेवर चालणारी अतिनील पट्टी. अतिनील दिव्याकडे थेट बघत बसू नका, साधा जाड चष्मा तरी लावा. मर्क्युरीचा बल्ब तापतो, पावसाचा थेंब पडला की फुटतो. वर पत्र्याचा तुकडा बांधा.

वेळ दिवेलागणीपासून अकरा-साडेअकरापर्यंत. वारा पडलेला, दिवसा पाऊस होऊन गेलेला, ढगाळ: अशी रात्र उत्तम. एकटे जाऊ नका. रानडुकरं येतात.

आणि गावातल्या पोलीस पाटलांना दुपारीच सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं. सर्वपित्री अमावास्येच्या रात्री, शेतात, पांढऱ्या कापडासमोर निळसर उजेड आणि त्यापुढे वाकलेली तीन माणसं. गावाने काय समजावं? वीसेक जण काठ्या घेऊन आले. आम्हाला गुप्तधनवाले समजूनच आले होते. मामाजी सोबत होते म्हणून निभावलं. पुढच्या वर्षी तीच पोरं चादर ताणायला आली, तो भाग वेगळा.

१०. नोंद करा

तारीख, वेळ, गाव-तालुका, झाडाचं साधारण वय, किती टक्के पानांना जाळी, हवा. एवढं लिहिलं तरी नोंद कामाची होते. फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर देता येतात. अळी, कोष आणि पतंग एकाच प्राण्याचे असतील तर तसं स्पष्ट लिहा आणि एकमेकांना जोडा. खाद्यवनस्पतीच्या रकान्यात 'साग' लिहायला विसरू नका, निम्मी ओळख तिथेच पटते. ओळख नक्की नसेल तर 'क्रँबिडी' एवढ्यावर थांबा. पिवळे, नागमोडी रेघांचे क्रँबिडी पतंग आपल्याकडे बरेच आहेत.

'फवारू का?'

चादर लावली की कुणीतरी शेतकरी हे विचारतोच, म्हणून उत्तर तयार ठेवा. निलंबूरच्या तरुण सागवानात केरळ वन संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात पानखाऊमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडाली, जाळीवाल्यामुळे म्हणावी अशी घट आढळली नाही. कारण सरळ आहे. पानखाऊ वाढीच्या ऐन दिवसांत कोवळं पान नेतो. जाळीवाला येतो तोवर झाडाची वर्षाची कमाई बरीचशी होऊन गेलेली असते आणि पान तसंही दोन महिन्यांत गळणार असतं. रोपवाटिकेतल्या लहान रोपांची काळजी वेगळी, तिथे अळ्या हाताने वेचाव्यात. पण चाळीस फुटी झाडावर औषध मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं, आणि सातव्या पायरीतल्या त्या गांधीलमाश्याही त्यात मरतात. सी. एफ. सी. बीसन हे देहरादूनचे वन-कीटकतज्ज्ञ गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच सांगत होते की नुसता साग लावू नका, मधे नैसर्गिक रानाचे पट्टे आणि खाली झुडपं राहू द्या, म्हणजे या माश्यांना वर्षभर दुसरं खाद्य मिळतं. मामाजींना हे पटलं ते बीसनसाहेबांमुळे नाही. फवारणीचा खर्च ऐकून पटलं.

११. पानगळीनंतर

दिवाळी झाली की बहुतेक जण डबे धुऊन ठेवतात. तुम्ही एक फेरी अजून मारा. थंडी पडू लागली की शेवटच्या पिढीच्या बऱ्याच अळ्या पूर्ण वाढूनही लगेच कोष करत नाहीत. गळणाऱ्या पानांबरोबर खाली येतात आणि पाचोळ्यात, पानाच्या घडीत रेशमाचं पातळ अस्तर लावून निजून राहतात. डिसेंबरात झाडाखालची दुमडलेली पानं हळूच उलगडून बघा. सापडली तर पान पुन्हा तसंच दुमडून जागेवर ठेवा. घरी आणू नका. पंख्याखालच्या कोरड्या हवेत ती टिकत नाही, मी करून बघितलं आहे.

मार्चमध्ये पाचोळा पेटवायची वेळ येते. मोहफुलं वेचायला जमीन साफ हवी म्हणून जंगलाकडेला सर्रास पेटवतात. बांधावरच्या तीन-चार झाडांखालचा पाचोळा तेवढा राहू द्या, असं मालकाला सांगून ठेवा. मग जूनमध्ये पहिली पालवी फुटली की भिंग घेऊन जा. आणि पानावर खरवडलेले ठिपके दिसले तर माझ्यासारखं नाचू नका. आठ दिवस थांबा. कड दुमडते का ते बघा.